बंद डब्यातलं फोल्डर

१

दुर्गाबाई इंगळे यांच्या शेतात जायची गाडीवाट शेजाऱ्याने नांगरून टाकली होती. ती वाट पूर्वापार होती याचा पुरावा, म्हणजे नांगरण्याआधी काढलेले फोटो, नकाशा आणि गावातल्या माणसांचे जबाब, अ‍ॅडव्होकेट हरिहरराव सावदेकर यांच्या ऑफिसातल्या सामाईक फोल्डरमध्ये होता. सोमवारी अकोल्याच्या कोर्टात युक्तिवाद होता. दसऱ्याच्या सुट्टीनंतर शुक्रवारी सकाळी हरिहररावांनी फोल्डर उघडलं, तर दुर्गाबाईंची फाईल त्यात नव्हती.

ती फाईल तयार केली होती त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या आकांक्षा घाटोळ या ज्युनिअर वकील मुलीने. हरिहररावांनी तिला विचारलं. ती म्हणाली, फाईल जागेवरच आहे, आणि तिने आपल्या टेबलावरच्या संगणकावर तेच फोल्डर उघडून दाखवलं. फोटो होते, नकाशा होता, जबाब होते. हरिहरराव आपल्या खोलीत परत आले. फाईल नव्हती. ते पुन्हा तिच्या टेबलाशी गेले. होती.

शनिवारी ती तिच्याही संगणकावर दिसेनाशी झाली.

यावरून हरिहररावांनी जो अर्थ काढला तो कुठल्याही वकिलाने काढला असता. मुलीने फाईल सामाईक फोल्डरमधून काढून स्वतःच्या संगणकावर नेली, आणि आपण पकडले जातोय असं दिसल्यावर तिथूनही पुसली. तिचा आतेभाऊ अंकुर विरुद्ध बाजूच्या वकिलांकडे काम करत होता. आजवर त्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं, आता वाटलं. शनिवारी संध्याकाळी हरिहररावांनी मोर्शीला तिच्या वडिलांना फोन केला आणि उद्या येऊन मुलीला घेऊन जायला सांगितलं. वडिलांनी कारण विचारलं, तेव्हा कारणही सांगितलं.

त्यानंतर त्यांनी अमरावतीला आपल्या चुलत बहिणीला फोन लावला. रागिणी तिथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. प्रयोगशाळेचं नेटवर्क तिने स्वतः उभं केलं होतं, त्यामुळे नातेवाइकांत कोणाचंही वाय-फाय अडलं की फोन तिलाच यायचा. या वेळी मागणी वेगळी होती. पोलिसांत जायचं नव्हतं, पण मुलीच्या वडिलांसमोर हातात काहीतरी हवं होतं.

"म्हणजे तिनेच पुसली हे ठरलंय," रागिणी म्हणाली.

"ठरल्यासारखंच आहे."

"मग माझं काय काम आहे, हरीदादा?"

हरिहरराव म्हणाले, शुक्रवारी तिच्या पडद्यावर ती फाईल मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, त्याचं काही केल्या जुळत नाही.

२

जठारपेठेतल्या त्या बंगल्याचा पुढचा भाग म्हणजे ऑफिस, मागचा भाग घर आणि मधे कायद्याच्या पुस्तकांची खोली. रविवारी सकाळी रागिणी पोचली तेव्हा आकांक्षा पुढच्या व्हरांड्यात पायाशी बॅग ठेवून बसली होती. वडिलांची एसटी अमरावतीहून सुटल्याचा निरोप तिला आला होता. हरिहररावांच्या पत्नी शैलावहिनी दारातून दोनदा तिच्याकडे पाहून गेल्या.

रागिणीने पहिल्यांदा आकांक्षालाच गाठलं. मुलगी एकेक शब्द तोलून बोलत होती. शनिवारी सकाळी फाईल दिसेना, म्हणून तिने जबाबांचा सारांश आठवून पुन्हा लिहिला आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवला. संध्याकाळी संगणक एकदा बंद करून चालू केला, तर मूळ फाईल परत आलेली, आणि दुपारी लिहिलेला सारांश गेलेला. ती धावत सरांच्या खोलीत गेली. ते फोनवर तिच्या वडिलांशीच बोलत होते. त्यांनी हाताने थांब म्हणून खूण केली. फोन संपवून ते तिच्याबरोबर बाहेर आले, तोवर फाईल पुन्हा नाहीशी झाली होती.

"मॅडम, हे सांगताना माझं मलाच खोटं वाटून राहिलं," ती म्हणाली. "पण पुसायचीच असती, तर शुक्रवारी सरांना बोलावून दाखवली कायले असती?"

हरिहररावांकडे याचं उत्तर तयार होतं. ते म्हणाले, हुशार माणूस असंच करतो.

नत्थुजी हरिहररावांच्या वडिलांपासूनचे मुन्शी. रविवार असूनही ते आले होते, आणि रागिणीने प्रश्न विचारण्याआधी त्यांनीच तिला विचारलं, "ताई, तुमी वीज शिकवता का कंप्युटर?" वीज, असं ती म्हणाली. त्यांनी मान हलवली; त्यांना तीच शंका होती.

त्यांच्या संगणकावर काहीच बिघडलेलं नव्हतं. ते प्रतिज्ञापत्राचा नमुना उघडायचे, नाव बदलायचे आणि छापायचे. नमुने गुरुवारच्या दसऱ्याच्या आधी होते, नंतरही होते. नवमीला ऑफिसात पूजा झाली, दसऱ्याला कुलूप होतं, शुक्रवारी त्यांनीच येऊन मेन स्विच लावला आणि काम सुरू झालं. मधल्या काळात आत कोणी आलं नव्हतं. "पोरगी वाईट नाही," ते म्हणाले. "पण मशीनमंदी हे लोक काय करतात, ते आपल्याले काय समजते?"

राहिला अमोल, ज्याने या ऑफिसचं नेटवर्क लावलं होतं. तो तिवस्याला एका कापसाच्या जिनिंगमध्ये कॅमेरे बसवत होता, त्यामुळे फोनवरच बोलला. ऑफिसचे सगळे कागद ज्यात राहतात त्या हार्ड डिस्कच्या पेटीला तिथे सगळे डबाच म्हणत, अमोलही. तो गुढीपाडव्याला बसवला होता. त्याआधी हेच फोल्डर एका जुन्या संगणकावर असायचं. डब्यातली किती जागा भरली आहे, एवढं अमोलला मोबाईलवर दिसत होतं.

"डब्यातून एक अक्षर गेलं नाही, ताई. बुधवारी जेवढा भरला होता तेवढाच आज बी आहे. सेटिंगचा तर सवालच नाही. सारं जुन्यासारखंच ठेवलं होतं मी, कोणाले नवीन शिकवा लागू नये म्हणून."

हरिहरराव शेजारी उभे राहून ऐकत होते. फोन ठेवल्यावर ते हळूच म्हणाले, "हाही मोर्शीकडचाच आहे."

फाईल नाही, असं एक जण सांगत होता. फाईल जाते आणि येते, असं दुसरी. तिसऱ्याच्या मते काही बदललंच नव्हतं, आणि चौथा सांगत होता की काही पुसलंच गेलं नाही. रागिणी खुर्चीत बसून राहिली. चौघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय असं वाटलं असतं, तर सोपं होतं. तिला चौघेही खरे वाटत होते.

३

आकांक्षाचा संगणक तपासता आला नाही. हरिहररावांनी शनिवारी पुरावा म्हणून तारा काढून तो अख्खा कपाटात बंद केला होता आणि कपाटाची किल्ली त्यांना सापडत नव्हती. म्हणून रागिणी त्यांच्याच संगणकासमोर बसली. फोल्डर उघडं होतं. अशिलांची नावं अकारविल्हे लागलेली होती, आणि द मध्ये दुर्गाबाई नव्हत्या.

तिने ती यादी नावाऐवजी तारखेप्रमाणे लावली.

सगळ्यांत वर एकच कागद होता. शनिवारी दुपारी लिहिलेला, दुर्गाबाईंच्या साक्षीदारांच्या जबाबांचा सारांश. आकांक्षा जो गेला म्हणाली होती, तोच.

त्याच्याखालचा कागद पाडव्याच्या आधीचा होता. मधे काही नव्हतं.

"हरीदादा, पाडव्यापासून तू किती दावे दाखल केलेस?"

हरिहरराव पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एकामागून एक नावं घ्यायला सुरुवात केली आणि प्रत्येक नाव शोधलं. एकही नव्हतं. गेले दोन दिवस ते फक्त दुर्गाबाईंना शोधत होते. बाकीचे गेलेत हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मुलीने सगळं ऑफिस धुऊन नेलं, असं ते म्हणाले.

"आणि स्वतः लिहिलेला सारांश तेवढा मागे ठेवला?" रागिणीने विचारलं.

तिचाही गोंधळ कमी झाला नव्हता. अमोल म्हणत होता डबा भरलेला आहे. डोळ्यांना दिसत होतं की सहा-सात महिन्यांचं काम डब्यात नाही. बिघाड डब्यात आहे की बाहेर, हे पहिल्यांदा ठरायला हवं होतं. आणि त्यासाठी तिला एकच पद्धत माहीत होती. ज्याच्यावर संशय आहे ती वस्तू काढून घ्यायची आणि काय थांबतं ते बघायचं.

डबा राऊटरशेजारच्या फळीवर होता. रागिणीने तो रीतसर बंद केला. हिरवा दिवा विझला, पंख्याची बारीक घरघर थांबली. खात्रीसाठी तिने त्याची विजेची तारही काढली.

"आता फोल्डर बंद कर आणि पुन्हा उघड. उघडणार नाही, पण उघडून बघ."

हरिहररावांनी क्लिक केलं.

फोल्डर उघडलं.

४

ते उघडलं एवढंच नाही, तर आतले कागदही उघडत होते. हरिहररावांनी एक उघडला, बंद केला, दुसरा उघडला. नत्थुजी दारापाशी आले होते, ते एक पाऊल मागे सरले. शैलावहिनींनी विचारलं, की वीज नसताना हे चालतं कसं? रागिणी म्हणाली, चालत नाही.

सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या हाती एक स्पष्ट गोष्ट लागली होती, आणि नेमकी तीच सगळ्यांना सर्वांत विचित्र वाटत होती. डबा झोपलेला होता. तरी हाक मारल्यावर कोणीतरी ओ देत होतं. म्हणजे हरिहरराव दोन दिवस ज्याच्याशी बोलत होते, तो डबा नव्हताच.

हरिहररावांचं लक्ष व्हरांड्याकडे गेलं. तिने बाहेर कुठेतरी सगळं नेऊन ठेवलं असेल, असं ते म्हणू लागले. रागिणीने बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढली. फोल्डर उघडतच राहिलं. जे काही होतं ते याच घरात होतं.

राऊटरच्या शेजारी एक चपटी पेटी होती; ऑफिसातल्या सगळ्या संगणकांच्या तारा येऊन तिच्यात खोचलेल्या. रागिणीने हरिहररावांची तार तेवढी राहू दिली आणि बाकीच्या एकेक करून उपसायला सुरुवात केली. एक तार काढायची, आतून हरिहररावांनी फोल्डर उघडून बघायचं, उघडलं की पुढची. आकांक्षाच्या टेबलाची काढली, उघडलं. नत्थुजींची काढली, उघडलं. प्रिंटरची काढली, तरी उघडलं.

मग तिने कोपऱ्यातली एक राखाडी तार ओढली. आतून आवाज आला नाही. ती आत गेली. पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं, आणि थोड्या वेळाने फोल्डर सापडत नसल्याची सूचना आली.

रागिणीने ती तार हातात धरली आणि तिच्या मागे निघाली. ती फळीखालून गेली, कपाटामागून गेली आणि भिंतीतल्या भोकातून मधल्या, पुस्तकांच्या खोलीत शिरली. दार लोटलेलं होतं.

"तिकडं काई नाही, ताई," नत्थुजी मागून म्हणाले. "तिकडं पूजा मांडेल आहे."

५

खंडेनवमीला कारागीर आपली हत्यारं पुजतो. सावदेकरांच्या घरी वकिलीची हत्यारं पुजली जात, आणि मांडलेली पूजा कोजागिरीपर्यंत हलवायची नाही अशी घरची रीत होती. टेबलावर जाडजूड पुस्तकं, शिक्के, दौत आणि एक जुना टाईपरायटर होता. टेबलाशेजारी पाटावर एक जुना संगणक होता, ऑफिसात आलेला पहिला. पडदा जोडलेला नव्हता. कुंकवाची बोटं उमटलेल्या त्याच्या पेटीवर झेंडूची सुकलेली माळ होती, आणि माळेखाली एक बारीक दिवा लागलेला. रागिणीने हात टेकवला. पेटी कोमट होती.

पूजा दरवर्षी नत्थुजीच मांडत. गेल्या वर्षीपर्यंत हा संगणक वापरातच होता. यंदा तो अडगळीत गेला म्हणून त्याचा मान टाळायचा, हे त्यांना पटलं नाही.

"बंद पडेल हत्याराची पूजा कशी करता, ताई? म्हणून चालू केलं. मांगं एक तार लोंबून राहिली होती, तेही भोकात नीट बसवून देली. उघडी बरी नाही दिसत."

अमोलने पाडव्याला मुद्दाम काढून ठेवलेली ती तार होती. रागिणीने त्याला पुन्हा फोन करून एकच प्रश्न विचारला. तो हो म्हणाला. कोणाच्या संगणकावर काही बदलावं लागू नये म्हणून त्याने डब्याला जुन्या संगणकाचंच नाव, तेच पासवर्ड आणि नेटवर्कमधला तोच नंबर दिला होता. जुनं यंत्र पुन्हा कोणी लावेल, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

हरिहररावांना नंबराचं कळेना. रागिणीने विचार केला.

"कोर्टात पुकारा होतो ना, तसं समज. तुझा संगणक हाक मारतो, या नंबराचा कोण आहे? आतापर्यंत एकटा डबा ओ द्यायचा. नवमीला नत्थुजींनी दुसऱ्याला आणून बसवलं. दसऱ्याला पुढचा मेन स्विच बंद, डबा झोपलेला. मधली खोली घराच्या मीटरवर, त्यामुळे हा एकटा जागा. शुक्रवारपासून दोघं बाहेर बसलेत. जो आधी उठेल, तो आत येतो. तुझ्या हाकेला हा उठला, आकांक्षाच्या हाकेला आधी डबा आणि मग कधी हा, कधी तो. याच्याकडे पाडव्यापर्यंतचेच कागद आहेत. तिने शनिवारी लिहिलेला सारांश याच्याकडे गेला, म्हणून तो तुला दिसतो आणि डबा भेटला की तिला दिसत नाही. नत्थुजींचे नमुने दोघांकडेही आहेत, त्यामुळे त्यांना काही कळलंच नाही."

"आणि पुसलं कोणी?"

"कोणीच नाही."

राखाडी तार तशीच लोंबती ठेवून तिने डबा चालू केला, बाकीच्या तारा लावल्या आणि फोल्डर उघडलं. द मध्ये दुर्गाबाई होत्या. पहिल्याच फोटोत वाट होती: दोन चाकोऱ्या, मधे गवत, कडेला बाभळी.

हरिहररावांनी तो फोटो खूप वेळ पाहिला. मग ते नत्थुजींकडे वळले आणि त्यांचा आवाज चढला. इतकी वर्षं ऑफिसात काढून एवढी साधी गोष्ट कळू नये, असं काहीतरी ते म्हणत होते. नत्थुजी खाली बघत उभे होते.

"यावर कुंकू कोणी लावलं?" रागिणीने विचारलं.

हरिहरराव थांबले. मांडणी नत्थुजींची असली तरी पूजा दरवर्षी ते स्वतः करत. नवमीला याच पाटासमोर बसून त्यांनी माळ घातली होती, दिवा लागलेला असताना.

"नत्थुजींनी तार लावली, दादा. पण मोर्शीला फोन त्यांनी नाही केला."

६

शैलावहिनी स्वतः जाऊन आकांक्षाला आत घेऊन आल्या. रागिणीने तिला सगळं सांगितलं. मुलगी रडली नाही. सारांश जुन्या संगणकावरून उतरवून घेता येईल का, एवढंच तिने विचारलं. येईल, असं कळल्यावर ती प्रिंटरशी जाऊन दुर्गाबाईंचे फोटो छापायला लागली. हरिहरराव काही बोलू पाहत होते. तिने पाठ न वळवता सांगितलं, की उद्याचं काम ती करणार आहे, कारण तो शब्द तिने दुर्गाबाईंना दिलाय; त्यानंतरचं ती उद्यानंतर सांगेल.

आकांक्षाचे वडील महादेवराव घाटोळ आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर शेला होता आणि हातात काही नव्हतं. मोर्शीच्या बाजूला त्यांची संत्र्याची बाग आहे, एवढंच हरिहररावांना माहीत होतं. त्यांनी महादेवरावांना खुर्ची दिली आणि समोर बसून सगळी हकिगत सांगितली. डबा, जुना संगणक, एकच नंबर, खंडेनवमी, पुकारा. ते नीट, क्रमाने बोलले, कोर्टात बोलत तसे. महादेवरावांनी मधे एकदाही अडवलं नाही.

सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे चोरी झालीच नाही?"

"नाही."

"मंग पोरीनं काय केलं?"

"तिने काहीच केलं नाही."

"मंग मले कावून बोलावलं, वकीलसाहेब?"

हरिहरराव पुन्हा नंबराचं सांगायला लागले. महादेवरावांनी हात वर केला आणि खिशातून मोबाईल काढला.

"मले राहू द्या. मी पोरीले वळखतो. तिच्या मायले सांगा. काल तुमचा फोन आला तसा तिनं सारा मोहल्ला जमवला होता, पोरीचे पेढे वाटाचे म्हणून. तिले वाटलं, पोरीनं केस जितली, म्हणून खुद्द वकीलसाहेबाचा फोन आला. तिनं फोनचा आवाज मोठा केला, अन् त्या समद्यायच्या समोर मी तुमचं आयकून घेतलं."

त्यांनी घरचा नंबर लावला, पलीकडून आवाज आल्यावर वकीलसाहेब बोलतात असं सांगितलं आणि फोन पुढे केला.

हरिहररावांनी तो घेतला. "वहिनी, त्याचं असं झालं, की आमच्या ऑफिसात एक जुना संगणक..." त्यांनी समोर पाहिलं. महादेवराव नकारार्थी मान हलवत होते. प्रिंटर थांबला होता. आकांक्षा पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघत होती.

"वहिनी," ते म्हणाले, "आकांक्षाने काहीही केलेलं नाही. मी तिच्यावर खोटा आळ घेतला."

पलीकडून त्या बाईंनी फोन तसाच धरून ठेवायला सांगितलं, आणि हरिहररावांना ऐकू आलं, की त्या दार उघडून शेजारणींना हाका मारताहेत. एकेक जण येत गेली. सगळ्या जमल्यावर बाईंनी फोनचा आवाज मोठा केला आणि म्हणाल्या, "आता बोला, साहेब. पुन्ना सांगा."